मापाचं ब्लाऊज आणि काकूंचा उजवा खांदा

चहा आधी ओतून घ्या. मी सुरू केलं की मधे थांबत नाही, आणि मधेच कुणी "पण तू आधी विचारलं का नाहीस?" असं म्हणालं तर कप तिथंच ठेवून निघून जाईन. तो प्रश्न मला घरातल्या प्रत्येकानं विचारून झालाय. शेजारच्या शांताबाईंनी तर दोनदा.

तर झालं असं की मला पुण्यात नोकरी लागली. एका संस्थेत. गावोगावी फिरायचं, बायकांशी बोलायचं, त्यांची गाऱ्हाणी लिहून घ्यायची आणि अहवाल तयार करायचा. समाजशास्त्रात एम.ए. करून दीड वर्ष घरी बसलेल्या मुलीला आणखी काय पाहिजे? तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, रुजू व्हायचं होतं. मी पत्र घेऊन पप्पांकडं गेले. पप्पा धाराशिवला तहसील कचेरीत कारकून. कागद दोनदा वाचल्याशिवाय त्यांना मत येत नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चांगलं हाय. वहिनी काय म्हणतात बघू."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या काकू. काका जाऊन बारा वर्षं झाली, त्या आमच्यातच असतात. त्या लग्न होऊन इथं ढोकीला आल्या तेव्हा पप्पा सात वर्षांचे होते आणि घरात त्यांना जेवू घालणारं कुणी नव्हतं. काकूंनी लोकांच्या रानात खुरपून धाकट्या दिराला शाळा शिकवली. त्यामुळं पप्पा आज बावन्नाव्या वर्षीसुद्धा मोटारसायकलचं टायर बदलताना वहिनींना विचारतात. हे सगळं मला मान्य आहे. पण माझ्या नोकरीचा निर्णय चौथी शिकलेल्या बाईनं का घ्यायचा, हा माझा सवाल होता, आणि तो मी भांडी आपटत आईला रोज विचारत होते.

काकूंना विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोधगयेवरनं आल्यावर बगू."

आता इथं गोची बघा. आमच्या विहारातल्या महिला मंडळाची सहल त्याच सोमवारच्या आदल्या शनिवारी बोधगयेला निघणार होती. परत यायची दहा दिवसांनी. आणि मला रुजू व्हायचं होतं सोमवारी. म्हणजे काकूंचा होकार मिळायचा तर गाडी सुटायच्या आत मिळायला हवा. नाहीतर पुणे गेलं, नोकरी गेली, आणि मी पुन्हा भांडी आपटायला मोकळी.

अशा वेळी शहाणी मुलगी गोड बोलते. मला ते जमत नाही. मी स्वेटर विणायचं ठरवलं.

कारण काकूंना स्वेटरच मिळत नव्हता. तिकडं जानेवारीत पहाटे वंदनेला बसायचं म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. मंडळानं सगळ्यांना पांढरी साडी, पांढरा स्वेटर असं ठरवलेलं. आई त्यांना धाराशिवच्या बाजारात घेऊन गेली. काकू बुटक्या आणि अंगानं रुंद. जो स्वेटर अंगाला बसायचा तो गुडघ्यापर्यंत यायचा, आणि ज्याची उंची बरोबर त्याची बटणं लागायची नाहीत. चार दुकानं झाल्यावर काकू म्हणाल्या, "राहू दे. शाल पांघरून बसंन."

मी म्हटलं, हीच वेळ. मापाचा, अंगाला बसेल असा स्वेटर हातात पडला की कोणती काकू नाही म्हणेल?

विणायला मी शिकले हॉस्टेलवर, वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून. अनुभव म्हणाल तर दोन मफलर. मफलरचा फायदा असा की तो कुणालाही बसतो. मोबाइलवर एक सोपा नमुना सापडला: पुढून बटणं, पाठ एक, पुढचे पल्ले दोन, बाह्या दोन, सगळं सरळ विणायचं आणि शेवटी शिवून जोडायचं. पण तो होता एका उंच, सडपातळ बाईच्या मापाचा. काकूंसाठी सगळे आकडे बदलावे लागणार होते. आकड्यांना मी भीत नाही. लोकरीचा लहानसा चौकोन विणला, धुतला, वाळवला, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजलं. बावीस. आता काकूंची मापं मिळाली की टाक्यांचा हिशेब पक्का.

आई बाजूला बसून बघत होती. तिनं आम्हा भावंडांचे सगळे स्वेटर नुसत्या वितीनं मोजून विणलेत. "चौकोन धुतला कशाला?" तिनं विचारलं.

"धुतल्यावर लोकर सैल पडते आई. हे शास्त्र आहे."

"बरं," आई म्हणाली. आमच्या आईचं बरं कधीच नुसतं बरं नसतं.

टेप घेऊन मी काकूंसमोर उभी राहिले. "काकू, हात वर करा."

"कशापायी?"

"माप घ्यायचंय. छाती, खांदा, बाही."

"टेपानं छाती मोजायला म्या काय पोलीस भरतीला निगालेय का? मापाचं ब्लाऊज हाय की." काकू उठल्या, ट्रंक उघडली आणि तळातून एक पांढरं, पिवळट पडलेलं ब्लाऊज काढून माझ्या हातात दिलं.

तुमच्याकडंही असेल. आमच्या भागात कुठलीच बाई टेलरसमोर हात वर करून उभी राहत नाही. प्रत्येकीचं एक मापाचं ब्लाऊज असतं. नवं शिवायचं म्हटलं की पिशवीत कापड, त्यावर ते ब्लाऊज, आणि पिशवी टेलरच्या टेबलावर. मला ही पद्धत पहिल्यापासून मागासलेली वाटत आलीय. पण भांडायला वेळ नव्हता, पंधरा दिवस उरले होते.

"पर त्या ब्लाऊजचं असं हाय—" काकूंनी सुरुवात केली.

"काकू, माप मला कळतं," मी म्हटलं, आणि ब्लाऊज घेऊन खोलीत गेले.

ब्लाऊज चटईवर पसरलं. टेप लावला. आणि मी थक्क झाले.

उजवी बाही डावीपेक्षा चांगली सव्वा इंच आखूड. उजवा खांदा डाव्यापेक्षा एक इंच खाली. पाठ मधोमध दुमडली तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं रुंद. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

कुणीही दुसरी मुलगी असती तर म्हणाली असती, ब्लाऊज वाकडं आहे. पण मी समाजशास्त्र शिकलेली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीस वर्षं त्याच खांद्यावर वैरणीचा भारा. तीस वर्षं त्याच हातात खुरपं. उजवा खांदा खचलाय, हात आखडलाय, आणि तोल सांभाळता सांभाळता पाठीची डावी बाजू रुंदावलीय. या बाईच्या कष्टांचा सगळा इतिहास त्या ब्लाऊजमध्ये शिवलेला होता, आणि घरात कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, काकूंचा उजवा खांदा खाली गेलाय, तुला माहितेय?"

आईनं भाकरी थापायची थांबवली. "अक्कांचा? काय की. सरळच दिसतात मला."

"नजरेला नाही दिसत. मापाला दिसतं."

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून दिसलं कसं नाही? अहो, काकू उठल्यापासून झोपेपर्यंत दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या. त्या पदराआड काय चाललंय ते कुणाला कळणार?

पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "माझ्यामुळं झालं असंल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंच्या हातून पाण्याची बादली घ्यायला सुरुवात केली. मग पिशवी घेतली. मग ताटसुद्धा.

"ह्येला काय झालं?" काकूंनी आईला विचारलं. "तांब्या बी उचलू देईना."

आईनं शांताबाईंना सांगितलं असावं, कारण त्या तिसऱ्या दिवशी कसल्याशा पाल्याचं तेल घेऊन हजर. "जय भीम अक्का. हे लावा बरं उजव्या खांद्याला."

"उजव्याच का?"

"लावा तर. डाव्याला काय झालं न्हाय म्हनं तुमच्या."

मी या कशात लक्ष घातलं नाही. मी गणितात होते. सरळ अंगाचा स्वेटर कुणीही विणेल. मला वाकड्या अंगाला सरळ दिसणारा स्वेटर विणायचा होता. डावा खांदा उंच करायला मी तिथं अर्ध्याच ओळी विणल्या; म्हणजे सुई टोकापर्यंत न्यायचीच नाही, मधूनच मागं फिरायचं, की त्या बाजूला चार-सहा ओळी जास्त भरतात आणि कापड तिथं वर चढतं. पाठीच्या डाव्या बाजूला आठ टाके वाढवले. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंतच, म्हणून पुढची लांबी अंदाजानं धरली आणि उजवी बाही सव्वा इंच आधी संपवली. एकेक ओळ वहीत लिहून खूण करत गेले. असा नमुना मोबाइलवर शोधून सापडणार नाही. सापडला तर त्या बाईला माझा नमस्कार सांगा.

एकदा काकू चहाचा कप घेऊन दारात आल्या. सुयांवरच्या विणीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"बाही लई लवकर आवरली का गं?"

"बरोबर आहे काकू. मापानंच आहे."

"मापाचं म्हनत असशील तर, करुणा, ते ब्लाऊज—"

"काकू, मी काम करतेय ना? टाके चुकतात. चहा ठेवा आणि जा बरं."

त्यांनी कप ठेवला. दारातून बाहेर पडताना म्हणाल्या, "नाव ठेवलं करुणा, अन् बोलनं हिरव्या मिरचीवानी." मी दार लावून घेतलं.

जायच्या चार दिवस आधी पप्पांना राहवेना. त्यांनी कचेरीतून रजा काढली, प्रवासाची बॅग घ्यायची म्हणून काकूंना एसटीनं धाराशिवला नेलं आणि बॅगेच्या दुकानाआधी हाडांच्या डॉक्टरकडं बसवलं. प्रवासाआधी तपासून घेतलेलं बरं असतं, असं काहीतरी सांगून. एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाले, खांदे एका रेषेत आहेत, या वयात असे खांदे बघायला मिळत नाहीत.

पप्पा घरी येऊन मला हळूच म्हणाले, "करुणा, खांदा सरळ हाय म्हणतात."

मी म्हटलं, "पप्पा, फोटो काढताना माणूस ताठ उभं राहतंच. एक्स-रे पण फोटोच आहे."

पप्पांना ते पटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून पोकळ खुलासे वाचले असतील.

शुक्रवारी दुपारी शेवटचं बटण लावलं. संध्याकाळी मंडळातल्या बायका सामानाचं ठरवायला आमच्याकडं जमल्या होत्या. सात-आठ जणी, पप्पा, आई. म्हटलं, होऊन जाऊ द्या सगळ्यांसमोर. स्वेटर अंगात, बायका कौतुक करतायत, काकूंचा चेहरा खुललाय, आणि मी अगदी सहज म्हणते, "काकू, मग सोमवारचं काय?" असं सगळं मनात बसवलेलं.

काकूंनी पदर काढून आईकडं दिला आणि स्वेटर घातला. मी पुढून बटणं लावली आणि दोन पावलं मागं सरकले.

बायकांनी सामानाची यादी खाली ठेवली.

डावी बाही अर्ध्या तळहातापर्यंत आलेली. उजवी मनगटाच्या वर, बांगड्यांना हवा लागेल अशी. डाव्या खांद्यावर लोकरीचा असा उंचवटा, जणू स्वेटरात एक कबूतर येऊन बसलंय. पाठीत डावीकडं पोतं लटकलेलं. आणि बटणांची ओळ गळ्यापाशी सुरू होऊन पोटावरून तिरकी तिरकी उजव्या कुशीकडं निघालेली.

"लोकर मऊ हाय," शांताबाई म्हणाल्या.

दुसरी म्हणाली, "पांढरा रंग बी अगदी पांढरा हाय."

आईनं काकूंचा पदर स्वतःच्या तोंडावर धरला होता. तिचे खांदे हलत होते. ते दोन्ही एका रेषेत होते, मी बघितलं.

आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण मी आत गेले, ते ब्लाऊज आणलं, काकूंच्या पाठीवर स्वेटरवर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. "बघा. खांद्याला खांदा, बाहीला बाही. एक टाका इकडंतिकडं नाही. स्वेटरात चूक नाहीये." आणि मग जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हटलं, "काकू, तुम्ही मुद्दाम सरळ उभ्या राहताय. नेहमी राहता तशा वाकड्या राहा ना."

काकू हळूच वळल्या. "वाकडी? म्या कवा वाकडी हुबी राहते?"

"तुमचा उजवा खांदा खचलाय काकू. भारे वाहून. म्हणूनच तर ब्लाऊज असं आहे."

काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पप्पांकडं, मग शांताबाईंकडं. तेल, बादली, डॉक्टर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकताना मला दिसत होतं.

"म्हंजी आपुन बॅग घ्यायला न्हवतो गेलो?" त्यांनी पप्पांना विचारलं.

"बॅग पण घेतली की वहिनी," पप्पा पुटपुटले.

काकूंनी माझ्या हातातलं ब्लाऊज घेतलं आणि उजेडात धरलं. "हे कुनी शिवलं, ठाव हाय का तुला?"

"टेलरनं."

"टेलरनं असं शिवलं असतं तर त्येला गावात कुनी ठेवला असता का? हे तू शिवलंस बाई."

"मी?"

"नववीच्या सुट्टीत. आठ दिवस शिवणक्लासला गेलीस. बाई म्हनली, आधी कागदावर कापायला शीक. तू म्हनलीस, मला कळतं. थेट कापडाला कातर लावलीस, ब्लाऊज शिवलंस, बाईशी भांडलीस अन् नवव्या दिशी घरी बसलीस."

आता आठवलं. कापड पॉपलिनचं होतं आणि त्या बाईंच्या मशीनचा पट्टा सारखा निसटायचा. दोष पट्ट्याचा होता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

"मग मापाला कशाला ठेवलं?" माझा आवाज बारीक झाला होता.

"पोरीनं पयल्यांदा काय तरी शिवलं. अंगात जाईना अन् टाकवंना. मग ठेवलं मापाला. टेलरकडनं हरवलं तरी घालायचं ब्लाऊज तर जात न्हाय. त्येला म्हनते, ह्याची निस्ती उंची घे, बाकीचं माप तुज्या वहीत हाय. हेच तुला सांगाय दोनदा तोंड उघडलं तर दोन्ही येळा मला गप केलंस."

शांताबाईंनी मला तेव्हा तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. आधी विचारलं का नाहीस म्हणून.

बायका हसल्या. पप्पाही हसले, आधी चोरून आणि मग डोळे पुसत. दहा-बारा दिवस त्या माणसाच्या छातीवर केवढं ओझं होतं ते मला तेव्हा दिसलं. मला रडूही येत होतं आणि चीडही येत होती, आणि चीड कुणावर काढावी तर माझ्याशिवाय खोलीत कुणी सापडत नव्हतं.

उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. शनिवारी सकाळी आम्ही काकूंना धाराशिव स्टेशनवर सोडायला गेलो. मला वाटलं होतं त्या शाल पांघरून येतील. त्यांनी स्वेटर घातला होता. डावी बाही दोनदा दुमडलेली, वरून पदर. कबुतराच्या जागी पदर जरासा वर आलेला, बाकी काही कळत नव्हतं.

"काढा ना काकू," मी म्हटलं. "लोक हसतील."

"हसू दे. ऊब लागतीय."

पुण्याचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. गाडी फलाटाला लागली, बायका डब्यात चढल्या, काकू खिडकीशी बसल्या. तेव्हा पप्पाच खिडकीजवळ गेले. "वहिनी, पोरीचं पुण्याचं काय करायचं? सोमवारी हजर व्हायचंय तिला."

"काम काय म्हनलास तिथं?"

"गावोगाव जायचं. बायका काय सांगतात ते बसून ऐकायचं. मधे बोलायचं नाही. सगळं ऐकून लिहून घ्यायचं."

"मधी बोलायचं न्हाय?"

"तसा नियमच हाय म्हणे त्यांचा."

"अन् त्याचा पगार देनार?"

"देणार की. दर महिन्याला."

काकू खिडकीतून माझ्याकडं वळल्या. लांब बाहीचा हात गजांतून बाहेर काढून माझ्या गालावरून फिरवला. मग पप्पांना म्हणाल्या, "जाऊ दे तिला. फुकटात तर तिनं आजवर कुनाचं ऐकलं न्हाय. पगार घेऊन तरी ऐकंल."

डब्यातल्या सगळ्या बायका खिडकीकडं वळल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, अगदी मुद्देसूद. मी ते गिळलं आणि गाडी सुटेपर्यंत काकूंच्या सगळ्या सूचना मान हलवत ऐकल्या. नोकरी सोमवारपासून होती. मी दोन दिवस आधीच, बिनपगारी, रुजू झाले.